इंजिन ऑईलची गळती, चमकणारा डाय आणि नवं टॅपेट पॅकिंग: सोलापूरचा उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

गाडी पेट्रोल हॅचबॅक, वयाने दहाच्या पुढची, रोज जुळे सोलापूर ते होटगी रोड आणि अधूनमधून तुळजापूर-पंढरपूर. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ऑईलची ओल धरत होती, खाली फरशीवर डाग पडत होते. एका गॅरेजमध्ये वाकून बघितलं आणि निकाल दिला, "मालक, मागचं क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागतोय बघा." क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाशी ऑईल अडवणारं हे सील स्वस्त असतं, पण त्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यायची मजुरीच अंगावर येते. म्हणून आधी खात्री करायची ठरवली आणि इंजिन ऑईलमध्ये मिसळायचा यूव्ही डाय (अतिनील उजेडात चमकणारा रंग) व त्यासाठीची टॉर्च असा संच मागवला.

ऑईल वरून खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे सरकतं. त्यामुळे जिथे थेंब लोंबतो तिथेच गळती असेल असं नाही. आडव्या बसवलेल्या इंजिनात टॅपेट कव्हरचा, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाचा, एक कोपरा बरोबर गिअरबॉक्सच्या डोक्यावर येतो. तिथून झिरपलेलं ऑईल त्याखालच्या हेडच्या कडेने उतरून नेमकं त्या जोडावर जमतं आणि क्रँक सीलवर आळ येतो. आणखी एक खूण होती. सात रस्त्याच्या सिग्नलला एसी चालू असताना जळक्या ऑईलचा वास आत यायचा, हायवेला लागलं की गायब. क्रँक सील खाली, एक्झॉस्टपासून लांब. वास येतोय म्हणजे गरम एक्झॉस्टवर वरून काहीतरी पडतंय, हा माझा अंदाज होता.

डाय घालण्याआधी इंजिन धुऊन घ्या, नाहीतर जुन्या चिकट थरात काही कळत नाही. अल्टरनेटर आणि कॉइल प्लास्टिकने झाकून, थंड इंजिनवर डिग्रीझर मारून मी साफ केलं. मग बाटलीवरच्या मापाने डाय ओतला, काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवली आणि रात्री बॉनेट उघडलं. दिवसा हा प्रयोग करू नका, आपल्याकडच्या उन्हात काही म्हणता काही दिसत नाही. अंधारात मात्र पिवळट हिरवी रेघ स्पष्ट दिसली: टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेली, गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत गेलेली. कूलंटही यूव्हीत हिरवा चमकू शकतो, तेव्हा रेडिएटरच्या पाइपाजवळ काही चमकलं की लगेच ऑईल समजू नका. डाय घेतानाही तो ऑईलसाठीचा आहे ना बघा, कूलंटचा वेगळा मिळतो.

संचातली टॉर्च बेताचीच आहे. ३९५ नॅनोमीटरची असल्याने जांभळा उजेडच फार पडतो, सोबतचा पिवळा चष्मा घातल्याशिवाय बारीक ओल दिसत नाही. परत घ्यायची झाली तर ३६५ची घेईन.

टॅपेट कव्हरखालचं पॅकिंग कंपनीचंच घेतलं, सोबत स्पार्क प्लगच्या नळ्यांची सीलही बदलली. ती राहिली तर ऑईल प्लगच्या खड्ड्यात उतरतं आणि गाडी मिसिंग करते. जुनं पॅकिंग हातात घेतल्यावर प्लास्टिकसारखं कडक, वाकवलं की तुटणारं. टायमिंग कव्हर (इंजिनाच्या बाजूचं झाकण) हेडला मिळतं त्या दोन कोपऱ्यांवर सिलिकॉनचा छोटा ठिपका लागतो, बाकी सगळीकडे कोरडं. काही मेकॅनिक पूर्ण कडेला सिलिकॉन फासतात. आत दाबलं गेलेलं सुटून ऑईलच्या जाळीत अडकलं की दुखणं वाढतं. बोल्ट बारीक असतात, साधारण १० न्यूटन-मीटरला बसतात, तरी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा धरा. जोर लावून आवळलं की कव्हर वाकतं आणि गळती होती त्याहून वाढते.

आता ज्याकडे बहुतेक जण बघत नाहीत ते: पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनाच्या पोटातला गॅस बाहेर ओढून घ्यायचं काम त्याचं. तो तुंबला की आत दाब साठतो आणि ऑईल सापडेल त्या फटीतून बाहेर पडतं. कालचं पॅकिंगसुद्धा मग टिकत नाही. माझा काढून हलवला तर आवाजच नाही. चांगला असेल तर खडखडतो. तोही बदलला. पॅकिंग इतकं टिकलं त्याचं निम्मं श्रेय मी या व्हॉल्व्हला देतो.

मधल्या काळात "जाड ऑईल टाका" आणि "गळती थांबवायचं औषध टाका" हे सल्ले भरपूर मिळाले. औषधाने कडक झालेलं रबर थोडं फुगतं, त्यामुळे घामेजलेल्या सीलला तात्पुरता आराम पडू शकतो. तुटलेल्या पॅकिंगला त्याचा उपयोग नाही. जाड ऑईलही मी टाकलं नाही, कंपनीने सांगितलेलाच ग्रेड ठेवला.

एप्रिल-मेचं चाळिशीपलीकडचं ऊन आणि नंतरचा पावसाळा असे गेले. सिग्नलवरचा वास गेला. गेज पट्टीवरची पातळी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये जवळपास हलत नाही. आधी मधेच भर घालावी लागायची. टॉर्च मारली की कव्हरची कड कोरडी दिसते, गिअरबॉक्सच्या जोडावरही नवी ओल नाही, म्हणजे क्रँक सील ठणठणीत आहे. खालच्या ऑईल चेंबरच्या एका कडेला मात्र किंचित चमकतं, पण थेंब धरत नाही. पुढच्या ऑईल बदलाच्या वेळी तिथले बोल्ट बघून घेईन, तोवर त्याला हात लावणार नाही.