डॉइचलांड-तिकीट घ्यावं का? मुलाबाळांसह फ्रँकफर्टमध्ये राहून आलेला अनुभव

डॉइचलांड-तिकीट, म्हणजे जर्मनीभर बस-रेल्वेला चालणारं मासिक तिकीट, घ्यावं का, हा प्रश्न इथे नव्याने आलेली मराठी कुटुंबं हमखास विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. उत्तर आधीच सांगून टाकते: मोठ्या माणसांनी डोळे झाकून घ्यावं. घरात सहा वर्षांपुढचं मूल असेल तर त्याचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो, आणि त्याबद्दल मला बरंच बोलायचं आहे.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. २०२२ च्या उन्हाळ्यात सरकारने तीन महिन्यांसाठी ९ युरोंचं मासिक तिकीट काढलं होतं. लोकांनी ते उचलून धरलं आणि त्यातून १ मे २०२३ ला ४९ युरोंचं डॉइचलांड-तिकीट (थोडक्यात डी-तिकीट) आलं. जानेवारी २०२५ मध्ये ते ५८ युरो झालं, जानेवारी २०२६ पासून ६३. एवढ्यात महिनाभर देशभरातल्या शहर बस, ट्राम, ऊ-बान (मेट्रो), एस-बान (लोकल) आणि आरबी, आरई या प्रादेशिक गाड्या चालतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना ते चालत नाही, पहिल्या वर्गालाही नाही. एसटीचा 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' पास ज्यांनी वापरलाय, त्यांना मुद्दा लगेच कळेल.

नोकरी करणाऱ्यांनी आधी ऑफिसात विचारावं. कंपनीने तिकिटाचा किमान २५ टक्के भार उचलला तर वर ५ टक्के सवलत मिळते, म्हणजे आपल्या खिशातून जास्तीत जास्त ४४ युरो १० सेंट जातात. माझ्या नवऱ्याचं तिकीट असंच आहे. माझं पूर्ण किमतीचं.

आमच्या रोजच्या जगण्यात याने जो फरक पडला, तो मला सहलींपेक्षाही मोठा वाटतो. फ्रँकफर्ट परिसरात भाडं झोनवर ठरतं. पूर्वी धाकट्याला घेऊन कुठे निघायचं म्हटलं की आधी झोन बघा, मग एकेरी घ्यायचं की दिवसाचं ते ठरवा, आणि शेवटी "जाऊ दे, पुढच्या आठवड्यात बघू" असं व्हायचं. आता पाऊस थांबला की पोराला बूट घालते आणि निघते. म्युनशेनर श्ट्रासेवर कढीपत्ता आणि भाजी आणायची, परत येताना मैत्रिणीकडे डोकवायचं, वाटेत पाल्मेनगार्टनच्या स्टॉपला उतरायचं, यातलं काहीच आता तिकिटासाठी अडत नाही. नव्या देशात पहिल्या वर्षी बाईमाणूस घरात किती कोंडलं जातं हे ज्यांनी अनुभवलंय, त्यांना मी काय म्हणतेय ते समजेल. रविवारी इथे दुकानं बंद असतात. तो दिवस आधी खायला उठायचा. आता तो आमचा गाडीत बसण्याचा दिवस आहे.

बाबागाडी असेल तर एक करा: निघण्याआधी ॲपमध्ये स्टेशनची लिफ्ट चालू आहे का ते बघून घ्या.

सहलींमध्ये माझा सगळ्यात लाडका मार्ग ऱ्हाइनचा. फ्रँकफर्टहून कोलोनला आयसीई साधारण तासा-सव्वातासात पोचवते, पण तो वेगवान मार्ग नदीपासून दूर, डोंगरातून आणि बोगद्यांतून जातो. डी-तिकिटाची हळू गाडी तुम्हाला मधल्या ऱ्हाइन खोऱ्यातून नेते. माइन्झ सोडून बिंगेनच्या पुढे गेलं की एका हाताला द्राक्षांचे उतार, दुसऱ्या हाताला नदी, आणि दर थोड्या वेळाने डोंगरावर एक किल्ला. बिंगेन ते कोब्लेन्झ हा पट्टा २००२ पासून जागतिक वारसा आहे. जाताना आरई २ ने डाव्या काठाने जा आणि उजव्या बाजूच्या खिडकीत बसा. काउबसमोर नदीच्या मधोमध उभा असलेला फाल्त्सग्राफेनश्टाइन किल्ला आणि पुढे लोरेलायचा कडा तिथूनच दिसतो. येताना आरबी १० पकडून पलीकडच्या काठाने, र्‍यूडेसहाइमवरून परता. कोब्लेन्झला मोझेल जिथे ऱ्हाइनला मिळते त्या टोकावर बसून डबा खायचा. आमच्याकडे कोणीही पाहुणे आले तरी पहिली सहल हीच. मात्र उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी सायकलवाल्यांची इतकी गर्दी असते की चौघांना एकत्र जागा मिळणं कठीण. सकाळी लवकर निघा.

दुसरी सहल लक्झेंबर्गची. तिथे मार्च २०२० पासून बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट आहे, परदेशी पाहुण्यांनाही. ट्रियरपर्यंत डी-तिकीट, सीमेपलीकडे वासरबिलिगपासून मोफत प्रवास, म्हणजे एक पैसाही जास्त न देता दुसऱ्या देशाची राजधानी बघता येते. सासू-सासरे आले होते तेव्हा ट्रियरला मुक्काम केला, रोमन काळातली पोर्टा निग्रा वेस बघितली आणि दुसऱ्या दिवशी लक्झेंबर्गला गेलो. फाफेनथालची काचेची लिफ्ट आणि किर्शबर्गला चढणारी दोरगाडीसुद्धा फुकट. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी खालच्या दरीपासून वरच्या शहरापर्यंत सगळं त्यांनी आनंदाने बघितलं. आग्नेयेला हेच तिकीट साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं, त्यामुळे म्युनिकला राहून साल्झबुर्ग एका दिवसात होतं.

सीमा ओलांडताना पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही जवळ ठेवा, मुलांचीसुद्धा. शेंगेन करारामुळे या देशांमध्ये एरवी सीमातपासणी नसली तरी १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे आणि पोलीस गाडीत चढतात.

आता मुलांचा प्रश्न. सहा वर्षांखालचं मूल फुकट, त्यामुळे धाकट्याची चिंता नाही. थोरली नऊ वर्षांची आहे. डी-तिकिटावर मुलाला बरोबर नेण्याची सोय नाही. तिला एकतर पूर्ण किमतीचं स्वतःचं डी-तिकीट किंवा प्रत्येक वेळी मुलांचं तिकीट लागतं. तिचा शाळेचा पास आमच्या हेसेन राज्यात चालतो, पण कोब्लेन्झ किंवा ट्रियर राज्याबाहेर. गंमत नाही, खरंच वाईट वाटतं: महागड्या आयसीईत ६ ते १४ वर्षांचं मूल मोठ्यांबरोबर फुकट जातं आणि सर्वसामान्यांसाठी काढलेल्या तिकिटावर त्याचे पैसे पडतात. दोन-तीन शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबाला लांबच्या सहलीसाठी आधी काढलेलं आयसीईचं स्वस्त तिकीट किंवा राज्याचं गट-तिकीट परवडू शकतं. या योजनेत एकच गोष्ट बदलायची असेल तर मी हीच बदलेन.

उशीर आणि रद्द होणाऱ्या गाड्या हा दुसरा दुखरा भाग. एका संध्याकाळी परतीची प्रादेशिक गाडी रद्द झाली आणि समोरच लांब पल्ल्याची गाडी उभी होती. साध्या तिकिटावर गंतव्याला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर दुसऱ्या गाडीत चढता येतं, पण डी-तिकीट सवलतीचं मानलं जात असल्यामुळे हा हक्क मिळत नाही. झोपाळलेल्या मुलांना घेऊन आम्ही पुढच्या प्रादेशिक गाडीची वाट बघत बसलो. भरपाई तासाभराच्या उशिराला दीड युरो, आणि ४ युरोंच्या आत रक्कम देत नाहीत, त्यामुळे दावे साठवून एकत्र पाठवावे लागतात. यातून आम्ही नियम केला: शेवटच्या गाडीवर कधीच भिस्त ठेवायची नाही, निदान आणखी एक गाडी मागे असायला हवी. गाड्या शोधताना डीबी नॅव्हिगेटरमध्ये फक्त डी-तिकिटाच्या गाड्या दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा.

ज्येष्ठांसाठी मोबाइलऐवजी चिपकार्ड देणारी वाहतूक संस्था निवडा. बॅटरी संपली, ॲप उघडेना, अशा वेळी तपासनीस समोर असला की त्यांची घालमेल होते. तिकीट नावावर असतं, दुसऱ्याला देता येत नाही, आणि तपासणीत ओळखपत्र मागू शकतात. विनातिकीट सापडल्यास ६० युरो दंड.

हे तिकीट वर्गणीसारखं दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. भारतात सुट्टीला जाताना मी माझं बंद करते. सासू-सासऱ्यांचं ते येतात त्या महिन्यापासून चालू करतो आणि त्यांच्या परतीच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच रद्द करतो. नवऱ्याचं वर्षभर चालू असतं. ६३ युरोंनंतरही माझं तिकीट चालू ठेवलंय, आणि येत्या सुट्टीत आयसीईने हॅम्बुर्गला जाऊन तिथे हेच वापरायचा बेत आहे, कारण बंदरातली ६२ नंबरची फेरीबोटही त्यात येते.