कोऱ्या स्टॅम्पवर सही केली आणि साठ हजारांचे एक लाख दहा हजार झाले

दसरा जवळ आला की आमच्या बीड जिल्ह्यात गावोगाव ऊसतोडीसाठी मजूर जमवणाऱ्या मुकादमांच्या गाड्या फिरायला लागतात. उचलीची, म्हणजे सीझनआधी मजुरानं घ्यायच्या आगाऊ पैशाची, बोलणी सुरू होतात. कोणी आधीच पैसे घेतलेत, कोणी या आठवड्यात घेईल. माझं जे झालं ते त्यांच्यापैकी एकाचं तरी होऊ नये, म्हणून हे लिहितोय.

२०२४ च्या पोळ्याला मी साठ हजार रुपये उचल घेतली. आईचं ऑपरेशन तोंडावर होतं, दुसरीकडून पैसा मिळण्यासारखा नव्हता. मुकादम परका नव्हता, शेजारच्या गावचा, नात्यातला. त्याच्या ओट्यावर चहा झाला. मग त्यानं शंभराचा स्टॅम्प समोर ठेवला. वर फक्त माझं नाव आणि गाव, बाकी पान कोरं. मी बारावी झालेला माणूस. मी विचारलं, "अण्णा, रक्कम लिहायची राहिली की." तो म्हणाला, "आरं, वकील टाईप करून आणतोय. तुझ्यावर विश्वास नाही का माझा? मग तू माझ्यावर ठेव." मी खाली सही केली. बायकोचा अंगठा घेतला. कोयता म्हणजे नवराबायको दोघं, म्हणून दोघांचीही खूण लागते. पैसे मोजून घेतले आणि घरी आलो. तो कागद पुन्हा दिसला तो मार्चमध्ये.

गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं. आमची दहा कोयत्यांची टोळी कृष्णाकाठच्या एका कारखान्याला गेली. पहाटे चारला उसाच्या फडात, दुपारी मोळ्या बांधायच्या, रात्री ट्रॅक्टर आला की डोक्यावरून फळीवर चढून भरायचं. ट्रॅक्टर रात्री बाराला आला तर बाराला भरायचं. बायको दिवसभर ऊस तोडून वर स्वयंपाक, पाणी, पोरगी सांभाळणार. आणि हिशोबाच्या वहीत नाव एकट्या पुरुषाचं.

एक गोष्ट मात्र मी नेमानं केली. पोरीची जुनी दोनशे पानी वही सोबत नेली होती. तिच्यात प्रत्येक खेप लिहून ठेवली. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर कारखान्यातून परत आला की वजनाची पावती त्याच्याकडे असायची. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, खाली निव्वळ वजन. तो चहा पीत असताना मी मोबाईलवर पावतीचा फोटो काढायचो आणि रात्री कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, चिमणीच्या उजेडात तारीख घालून आकडा वहीत उतरवायचो. टोळीतले हसायचे. बायको एकदाही हसली नाही. मी झोपायला लागलो की विचारायची, "अहो, आजचं लिहिलं का?"

सीझन लवकर आटोपला, मार्चच्या सुरुवातीलाच पट्टा पडला, म्हणजे तोडणी संपली. आमच्या वहीनं ८८ खेपा झाल्या होत्या. बायको तापानं आजारी होती ते चार दिवस सोडून आमच्या कोयत्याच्या वाट्याला १६८ टन येत होते. टनाला ३६६ रुपये दर. आधीच्या दरात ३४ टक्के वाढ करून हा दर जानेवारी २०२४ मध्येच ठरला होता. म्हणजे ६१,४८८ रुपये. आठवड्याच्या बाजाराला खर्ची म्हणून मी १२,००० घेतले होते, ते वजा केले तर राहतात ४९,४८८. साठ हजारांतून हे फिटले, माझ्याकडे बाकी १०,५१२. ती मी नाकारत नाही, तेव्हाही नाकारली नव्हती.

मुकादमाचा हिशोब ऐका. टन १४८. दर २७३, वाढीच्या आधीचा. झाले ४०,४०४. त्यातून वीस टक्के "कमिशन" कापलं, ८,०८१. खाडे अकरा, दिवसाला पाचशेप्रमाणे ५,५००. खर्ची १२,०००. हाती राहिले १४,८२३. आणि स्टॅम्पवर टाईप केलेली उचल एक लाख दहा हजार. माझ्या नावावर बाकी ९५,१७७ रुपये.

यातली एकेक गोष्ट नीट समजून घ्या, कारण हीच पद्धत सगळीकडे चालते. कमिशन कारखाना मुकादमाला तोडणीच्या रकमेवर वेगळं देतो. ते मजुराच्या पैशातून कापायचं नसतं. आम्हाला मात्र वर्षानुवर्षं सांगितलं जातं की "ते तर कापतातच". अकरा खाड्यांपैकी चार बायकोच्या तापाचे. एकजण पडला की दोघांचा खाडा धरतात, ही तर आजारपणाचीच शिक्षा झाली. उरलेले सात दिवस ट्रॅक्टर बंद होता, आम्ही फडाच्या कडेला बसून होतो. आणि आमच्या वाट्याचे वीस टन गेले म्हणजे दहा कोयत्यांचे मिळून दोनशे टन, जवळपास दहा-अकरा खेपांचा ऊस. तो आम्ही तोडला, डोक्यावर वाहिला, कारखान्यानं मोजून घेतला, त्याचे पैसे मध्येच मुरले.

मी वही काढली. तो म्हणाला, "असल्या वह्या कोण धरतंय? कागद बघ, सही कुणाची हाय?" सही माझीच होती. चार दिवसांनी दोन माणसं आली आणि दारातली मोटरसायकल घेऊन गेली. जाताना म्हणाली, पुढच्या सीझनला याच मुकादमाकडं यायचं, नाहीतर रोख टाकायचे.

पोलीस ठाण्यात सांगितलं, हा देवाणघेवाणीचा व्यवहार आहे, कोर्टात जा. बऱ्याच जणांची वाट इथंच संपते. माझी संपली नाही, कारण कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्यानं मला १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा समजावून सांगितला. उचलीच्या बदल्यात माणसाला बांधून ठेवणं, दुसरीकडं कामाला जाऊ न देणं, हे या कायद्यात बसतं. तसं ठरलं तर ते कर्जच रद्द होतं. तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करायची असते. किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा वेठबिगारीच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच, दिल्लीच्या एशियाडची बांधकामं करणाऱ्या मजुरांच्या खटल्यात सांगून ठेवलंय. हे शाळेत कुणी शिकवलं नाही मला. एवढी वर्षं आमच्या घरातली माणसं ऊस तोडतात, त्यांनाही माहीत नव्हतं.

मला माहीत आहे, उचल घेऊन पळून जाणारे मजूरही असतात आणि काही मुकादम त्यात बुडालेत. पण त्याची वसुली प्रामाणिकपणे खपलेल्या माणसाकडून कशी करायची?

यंदा उचल घेणार असाल तर रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहिल्याशिवाय अंगठासुद्धा देऊ नका. कागदाचा फोटो तिथंच काढा. पैसे खात्यावर मागा, रोखीला पुरावा राहत नाही. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढून घ्या, तुम्ही कामगार आहात हेच आधी सिद्ध करावं लागतं. आणि मुकादम भला असला तरी खेपा लिहा.

माझ्या अर्जाबरोबर वहीची झेरॉक्स आणि पावत्यांचे फोटो जोडले. चौकशी लागल्यावर मोटरसायकल परत दारात आली. ९५,१७७ चा आकडा अजून मिटलेला नाही. टोळीतल्या बाकी नऊ कोयत्यांपैकी चौघांनी जबाब दिलेत. पाच जण भितात, त्यांचा राग येत नाही, त्यांच्याही सह्या तसल्याच कोऱ्या कागदांवर आहेत. त्या पाच जणांना सांगायचंय, जबाब द्यायला या. वही माझ्याजवळ आहे, आणि तीत तुमच्याही खेपा लिहिलेल्या आहेत.