अपडेटनंतरचं बँकेचं ॲप: ५ पैकी २ स्टार, आणि तेही जुन्या ओळखीखातर

बँकेचं नाव लिहीत नाही, ज्यांचं खातं तिथे आहे त्यांना वर्णनावरून कळेलच, आणि ज्यांचं नाही त्यांनाही यातलं निम्मं आपल्या ॲपमध्ये सापडेल.

माझे बाबा ७३ वर्षांचे, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले, राहतात कराडला. मी पुण्यात. यूपीआय २०१६ ला आलं तेव्हा ते हात लावायला तयार नव्हते, मग २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बँकेत जाता येईना म्हणून फोनवर मी सांगत गेले आणि ते शिकले. कसे शिकले तर एका दोनशेपानी वहीत. प्रत्येक कामाला एक पान. "डावीकडे वर तीन रेघा, मग खाली चौथी ओळ, मग निळं बटण." चार-पाच वर्षं त्या वहीवर लाइट बिल, एफडी, आत्याला पैसे पाठवणं, सगळं बिनचूक चाललं होतं, कुणाला विचारावं लागत नव्हतं आणि याचा त्यांना केवढा अभिमान होता.

गेल्या महिन्यात रात्रीत ॲप आपोआप अपडेट झालं. सकाळी त्यांचा फोन, "अगं तीन रेघा नाहीत." मी म्हटलं बाबा, डाव्या कोपऱ्यात नीट बघा. "नाहीत गं, तिथे माझ्या नावाचं पहिलं अक्षर आहे गोलात." मी काय बघून सांगणार, माझं खातं दुसऱ्या बँकेत. स्क्रीनशॉट पाठवा म्हणावं तर बँकेच्या ॲपचा स्क्रीनशॉट निघत नाही, ते सुरक्षेसाठी आहे, मान्य आहे. शेवटी आईने तिच्या फोनने बाबांच्या फोनचा फोटो काढून पाठवला, तीन वेळा, कारण दोनदा ट्यूबलाइट चमकली. तेव्हा कळलं की तो मेनू आता त्या गोलाच्या आत आहे. गोल दाबायचा असतो हे कुठेही लिहिलेलं नाही!! रेघ नाही, बाण नाही, काही नाही. ज्याला माहितीये त्यालाच माहिती.

मराठी भाषेचा पर्याय आहे बघून मला आनंद झाला होता, तो दोन मिनिटं टिकला. इंटरेस्ट सर्टिफिकेट पाहिजे होतं रिटर्न भरायला, ते शोधून शोधून सापडेना, आणि सापडलं तेव्हा त्याचं नाव होतं "स्वारस्य प्रमाणपत्र". व्याजाला स्वारस्य!! स्टेटमेंटला "विधान". ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना व्याजाची गणितं शिकवली त्याला व्याज हा शब्द ॲपमध्ये सापडत नाही. हे मशीनकडून भाषांतर करून घेतलंय आणि एकाही मराठी माणसाने ते वाचलेलं नाही, वाचलं असतं तर पहिल्या स्क्रीनवरच थांबला असता. त्यात अक्षरांना वर जागा ठेवलेली नाही. इंग्रजीच्या मापाने ओळीची उंची धरली की आपल्या वेलांट्या आणि रफार कापले जातात, त्यामुळे "कर्ज" चं "कज" दिसतं आणि "मुदत ठेव" बटणात मावत नाही म्हणून "मुदत ठे" आणि पुढे तीन टिंबं. बाबांनी फोनचा फॉन्ट मोठा केलाय, त्या वयात सगळेच करतात, तर "पुढे" हे बटण स्क्रीनच्या खाली निघून जातं आणि स्क्रीन वर सरकतही नाही. म्हणजे मोठ्या अक्षरात फॉर्म भरता येतो पण पाठवता येत नाही.

आता सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. आत्याचं खातं दुसऱ्या बँकेत गेलं म्हणून ते नवीन जोडायचं होतं. पैसे कुठल्या बँकेच्या कुठल्या शाखेत जायचे ते सांगणारा आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो, पहिली चार बँकेची अक्षरं, पाचवा कायम शून्य, उरलेली सहा शाखेची. बाबांनी पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाकला, दिसायला सारखाच, कुणाचंही होईल. जी जागा कायम शून्यच असते तिथे ॲपने ओ घेतलाच कसा? घेतला, पुढे जाऊ दिलं, खाते नंबर दोनदा टाकायला लावला, ओटीपी मागितला, आणि मग लाल अक्षरात "काहीतरी चुकले आहे". काय चुकलं ते नाही. आणि सगळा फॉर्म कोरा. दुसऱ्यांदा भरताना ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेले, परत आले तर पुन्हा लॉगिनचं पान. मेसेजमधला ओटीपी आपोआप भरायची सोय अँड्रॉइडमध्ये आहे, कितीतरी ॲप ती वापरतात, इथे का नाही? चौथ्या वेळेला बाबा मला म्हणाले, "माझंच काहीतरी चुकतंय." नाही बाबा, तुमचं नाही चुकत. मला खरंच राग आला त्या क्षणी.

लॉगिन केलं की आधी पूर्ण स्क्रीनभर पर्सनल लोनची जाहिरात. बंद करायची फुली फिकट राखाडी, तांदळाच्या दाण्याएवढी. गूगलच्या डिझाइनच्या नियमांतच आहे की बोटाने दाबायची जागा किमान ४८ डीपी (स्क्रीनवरचं मोजमाप) हवी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. बाबांचं बोट थरथरतं, दोनदा फुलीऐवजी लोनचा अर्जच उघडला. आणि "नको" असा पर्यायच नाही, "आत्ता अर्ज करा" किंवा "नंतर आठवण करा". केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवून नको ते करायला लावणाऱ्या रचनांविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात १३ प्रकार नावानिशी दिलेत आणि नॅगिंग, म्हणजे सारखं तेच तेच पुढ्यात आणून भंडावून सोडणं, हा त्यातला एक. मी कस्टमर केअरला हे सांगितलं, तिकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं, तक्रार नंबर दिला, तिचा दोष नाही.

चांगलं काय, तर यूपीआय पटकन होतं, आणि एटीएम कार्ड चालू-बंद करायचा खटका आता पहिल्याच पानावर आहे, तो खरंच उपयोगाचा आहे. दोन स्टार त्याचे.

कुणी म्हणेल ऑटो अपडेट बंद करून टाका. बँकेच्या ॲपला तसं करू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. माझं मागणं एवढंच आहे की दुरुस्त्या करा पण बटणं जागची हलवू नका, आणि हलवलीच तर पहिले काही दिवस जुन्या जागी "हे इकडे गेलंय" अशी एक ओळ ठेवा. एक ओळ. एखादं दुकान हललं की दुकानदार जुन्या शटरवर कागद चिकटवतो ना.

या रविवारी कराडला गेले होते. बाबांनी वहीत नवीन पानं सुरू केलीत, लाइट बिलाचं आणि एफडीचं झालंय, आत्याचं बाकी आहे. यावेळी पेन्सिलीने लिहितायत.