मॉन्ट्रियलच्या बातम्या दोन भाषांत: दहा महिन्यांच्या वापरानंतर

सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही मॉन्ट्रियलला आलो, लासाल भागात राहतो. क्वेबेक प्रांताच्या १९७७ च्या भाषेच्या कायद्यामुळे (बिल १०१) आमच्यासारख्या बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांची मुलं फ्रेंच शाळेत जातात, म्हणून मुलगा फ्रेंच शाळेत, नवऱ्याचं ऑफिस बरंचसं इंग्रजीत, आणि मला बोंजूर-मेर्सीच्या पुढे काही येत नव्हतं. नवीन आलेले मराठी लोक हमखास विचारतात की इथे पेपर कुठला लावायचा, रेडिओ कुठला ऐकायचा, फ्रेंच कळत नसताना फ्रेंच बातम्या लावून करायचं काय. म्हणून रोज वापरून मग लिहितेय, जरा लांबेल, चालवून घ्या.

माझं उत्तर एकच आहे, पहिल्या दिवसापासून दोन्ही लावा. एकाच भाषेच्या बातम्या ऐकल्या की अर्धंच शहर कळतं, आणि उरलेलं अर्धं आपल्याला कळत नाहीये हेसुद्धा कळत नाही.

आमच्या स्वयंपाकघरात एक जुना घेतलेला छोटा रेडिओ आहे, स्टेशन लक्षात ठेवणारी बटणं असलेला. पहिलं बटण ८८.५, म्हणजे सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं इंग्रजी स्टेशन. दुसरं ९५.१, रेडिओ-कॅनडाचं फ्रेंच. सकाळी कणीक मळता मळता एक बातमीपत्र इंग्रजीत ऐकायचं, मग कोपराने दुसरं बटण दाबायचं आणि फ्रेंच ऐकायचं. सुरुवातीचे दोन महिने फ्रेंचमधलं फक्त हवामान कळायचं. पण इंग्रजीत आत्ताच ऐकलेलं असल्यामुळे हळूहळू शब्द ओळखीचे व्हायला लागले, पूल बंद, संप, वादळ, मेट्रो थांबली. संध्याकाळी सरकारी फ्रेंच वर्गाला जाते, तिथे व्याकरण पक्कं होतं, पण कान या रेडिओनेच तयार झाला.

आणि आकडे! ९५.१ हे स्टेशनवाले स्वतः म्हणतात ते ‘चार वीस पंधरा, एक’. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे चार वीस, त्यात पंधरा मिळवले की पंच्याण्णव. वर्गातले बाकीचे वैतागले होते, मला मात्र एकदम आजी आठवली, ती शेंगांची पोती, कोंबड्यांची अंडी सगळं इसावर, म्हणजे वीस-वीसच्या गटांनी मोजायची, तीन इसा, चार इसा. तेव्हापासून मला ते आकडे कधी अडले नाहीत.

आता तो शाळेचा प्रसंग. २०२५ च्या फेब्रुवारीत १३ आणि १६ तारखेला लागोपाठ दोन वादळं आली, चार दिवसांत ७० सेंटीमीटरच्या वर बर्फ पडला. पहिल्या सकाळी मी घाईत फक्त इंग्रजी लावलं. निवेदक बंद शाळांची यादी वाचत होते. इथे शाळा एका मोठ्या संस्थेखाली असतात आणि वादळात त्या संस्थेचं नाव घेतात, आमच्या संस्थेचं नाव मी कागदावर वाचून मनात ‘मार्गरेट बुर्जॉइस’ असं धरलं होतं. ते नाव काही आलं नाही. मुलाला बर्फाचे बूट, स्नोपँट, टोपी, मफलर सगळं चढवलं, ढोपरभर बर्फातून पंचवीस मिनिटं चालत नेलं (एरवी दहा मिनिटांचा रस्ता), तर फाटक बंद. समोरच्या घरातल्या आजीबाई बर्फ उपसत होत्या, त्यांनी हातानेच खूण केली, फेर्मे, फेर्मे. नंतर कळलं की रेडिओवर आमचं नाव घेतलं होतं, पण बरोबर फ्रेंच उच्चारात, ‘मार्गरीत बुर्झ्वा’. इथले इंग्रजी निवेदक इंग्रजी वाक्याच्या मधोमध फ्रेंच नाव अस्सल फ्रेंच पद्धतीने म्हणतात आणि पुढे जातात, त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही कारण ऐकणाऱ्या शहराला ते माहीत असतं. एका रस्त्याच्या पाटीवर इंग्रजीत ‘पाय’ असं वाचता येईल असा शब्द (Pie) आणि पुढे रोमन नऊ लिहिलेला असतो, ट्रॅफिकच्या बातम्यांत त्याला म्हणतात पी-नफ. त्या दिवसापासून मी गल्लीपासून शाळेपर्यंत सगळी नावं फ्रेंच स्टेशनवर ऐकून पुन्हा शिकले.

मला वाटलं होतं की दोन्हीकडे त्याच बातम्या असतील, फक्त भाषा वेगळी. तसं अजिबात नाहीये. सीबीसी आणि रेडिओ-कॅनडा ही एकच सार्वजनिक संस्था, मॉन्ट्रियलमध्ये दोघांची ऑफिसं एकाच इमारतीत आहेत, तरी सकाळच्या पहिल्या पाच बातम्यांत कित्येकदा दोनच सारख्या निघतात. इंग्रजीकडे इंग्रजी शाळा, इंग्रजीतून उपचार मिळणारी हॉस्पिटलं, शहराच्या पश्चिमेचा वेस्ट आयलंड भाग, आणि मग टोरांटो-ओटावा. फ्रेंचकडे क्वेबेक सिटीतली विधानसभा, प्रांतातले मंत्री, आणि कलाकार, इतके कलाकार की त्यांची नावं इंग्रजी वाहिन्यांवर मी क्वचित ऐकली. एकाच शहरात एवढे मोठे स्टार, आणि पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला माहीत नाहीत, याचं मला अजूनही नवल वाटतं. गाण्यांचंही तसंच, फ्रेंच स्टेशनांना लोकप्रिय गाण्यांपैकी ६५ टक्के फ्रेंच वाजवावी लागतात, नियमच आहे. त्यामुळे मुलाची गाणी त्याच्या मित्रांबरोबर जुळली, याचं श्रेय मी त्या नियमाला देते.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं एप्रिल २०२५ मध्ये. हॉकीचे प्लेऑफ होते, शहराचा संघ कॅनेडियन्स त्यात होता, शहर अक्षरशः वेडं झालं होतं, आणि बातमी आली की बसवरच्या पाट्यांवरचं ‘गो! कॅनेडियन्स गो!’ बदलून ‘आले! कॅनेडियन्स आले!’ केलंय (फ्रेंचमध्ये आले म्हणजे चला), कारण गो हा इंग्रजी शब्द असल्याची तक्रार प्रांताच्या फ्रेंच भाषा कार्यालयाकडे गेली होती. इंग्रजी रेडिओवर फोन करणाऱ्यांच्या आवाजात राग होता, पण त्याखाली दुखावलेपण जास्त होतं, की आम्ही पिढ्यान् पिढ्या इथले, आमचे दोन अक्षरी शब्दसुद्धा नकोत का. मला वाटलं फ्रेंचकडे बरोबर उलटं ऐकू येईल. लावलं, तर तिथेही ‘हे अती झालं’ म्हणणारे बरेच. आणि त्यांच्यातच काही शांतपणे सांगणारे की सगळा खंड इंग्रजी बोलतो, आम्ही मूठभर, आज एक शब्द सोडला की उद्या दुकानाची पाटी जाते. शेवटी फ्रेंच भाषेच्या मंत्र्यांनीच सांगितलं की गो चालेल. फ्रेंचकडच्या त्या शांत लोकांचं ऐकताना मला मराठी पाट्यांवरचे आपल्याकडचे वाद आठवत होते आणि माझं मत रोज थोडं थोडं हलत होतं. एकच बाजू ऐकली असती तर मी ठाम मत करून मोकळी झाले असते.

पेपरचं थोडक्यात. ला प्रेस हा १८८४ चा पेपर, पण छापील मिळतच नाही. २०१६ पासून आठवड्यातले छापील अंक बंद, २०१७ च्या अखेरीस शनिवारचाही बंद, आता टॅबलेटवर आणि फोनवर, तोही फुकट. २०१८ पासून तो ट्रस्टखाली आहे, वाचक स्वेच्छेने पैसे देतात, मीही देते. सकाळी पूर्ण अंक उतरवून घ्यायचा आणि मेट्रोत वाचायचा. फोटो आणि तक्ते भरपूर, त्यामुळे फ्रेंच कच्चं असलं तरी अडत नाही. ल दव्वार १९१० पासूनचा, गंभीर, वाक्यं लांब, अजून मला जड जातो, आठवड्यातून एक लेख डिक्शनरी घेऊन वाचते. झुर्नाल द मोंरेआल सोप्या भाषेत, ठळक मथळे, शिकणाऱ्याला उपयोगी, फक्त तो आणि टीव्हीए वाहिनी एकाच क्वेबेकॉर कंपनीचे आहेत, एवढं लक्षात ठेवून वाचावा.

इंग्रजीत रोजचा पेपर एकच, गॅझेट. त्याचा इतिहास वाचून मला भरून आलं. १७७८ मध्ये फ्लरी मेस्प्ले नावाच्या मुद्रकाने तो काढला तो फ्रेंचमध्ये, वर्षभरात त्याला तुरुंगात टाकलं, सुटल्यावर १७८५ मध्ये त्याने पुन्हा काढला तो दोन्ही भाषांत, आणि १८२२ पासून तो फक्त इंग्रजी. आपल्या बाळशास्त्रींचं ‘दर्पण’ १८३२ चं, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापलेलं, शाळेत आपण ते एका ओळीत पाठ केलं आणि विसरलो. इथे दोन बटणांमध्ये रोज ये-जा करताना कळतं की दोन भाषांच्या वाचकांना एका पानावर बसवणं केवढं कष्टाचं काम असेल.

तक्रारी आहेत. एका दैनिकाचा शनिवारचा छापील अंक लावला होता, नाव घेत नाही, पेपर हातात धरून वाचायची आपली सवय जात नाही ना. जानेवारीत तीन शनिवार अंक आलाच नाही, चौथ्या शनिवारी पायरीवरच्या बर्फात भिजून लगदा झालेला मिळाला, फोनवर अर्धा तास थांबले, शेवटी बंद केला. आता ग्रांद बिब्लिओतेक या मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड काढलंय, क्वेबेकमध्ये राहणाऱ्यांना फुकट मिळतं, त्यावर घरबसल्या बरेच पेपर वाचता येतात. हे पहिल्या आठवड्यातच करा, मी सहा महिने वाया घालवले.

दुसरी अडचण म्हणजे फेसबुक. ऑगस्ट २०२३ पासून कॅनडात फेसबुक-इन्स्टावर बातम्यांच्या लिंक दिसतच नाहीत, मेटाने नव्या कायद्यावरून बंद केल्यात. आपल्या मराठी ग्रुपवर त्यामुळे कुणीतरी ऐकीव लिहितं आणि तेच फिरत राहतं, वादळाच्या वेळी शाळांबद्दल तीन वेगवेगळे मेसेज आले होते. पेपरचं ॲप थेट फोनमध्ये घ्या, दुसरा मार्ग नाही. सीबीसी आणि रेडिओ-कॅनडा दोघांचीही ऐकायची ॲप फुकट आहेत, सुटलेला कार्यक्रम पुन्हा ऐकता येतो, मी फ्रेंच मुलाखती दोनदा ऐकते, दुसऱ्या वेळी दुप्पट कळतं.

टीव्ही आम्ही कमी बघतो. मुलासाठी टेले-क्वेबेक, आणि रात्रीच्या फ्रेंच बातम्या फ्रेंच सबटायटल लावून. सबटायटल इंग्रजी लावू नका, मग कान झोपतो.

रेडिओचं तिसरं बटण रिकामं होतं. प्लेऑफच्या वेळी मुलाने ते ९८.५ ला लावलं, तिथे मॅचचं फ्रेंच समालोचन असतं, फार वेगात. मला अजून त्यातलं निम्मं कळत नाही, तो शेजारी उभा राहून मला मराठीत सांगत असतो.