'अमेरिका द ब्यूटिफुल' वार्षिक पास: ग्रँड कॅन्यनसाठी घेतला, वर्षभर वापरला

आधी हिशेब, कारण सगळे तेच विचारतात. हा अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांत वर्षभर प्रवेश देणारा पास, इथल्या रहिवाशांना ८० डॉलरचा. ग्रँड कॅन्यनला एका गाडीचे ३५ डॉलर पडतात आणि त्यात ७ दिवस हवं तितक्यांदा आत-बाहेर करता येतं. झायनचे ३५, ब्राइस कॅन्यनचे ३५. फक्त ग्रँड कॅन्यन बघून घरी यायचं असेल तर पासच्या नादी लागू नका, ३५ भरा आणि सुटा. त्याच फेरीत युटामधली ही दोन पार्कं जोडणार असाल, तर १०५ च्या जागी ८० लागतात आणि पुढचे महिने वरकड.

आम्ही अ‍ॅरिझोनात फीनिक्सजवळ राहतो. गेल्या मार्चमध्ये आई-बाबा पुण्याहून आले, तेव्हा पास घेतला, तोही महिन्याच्या सुरुवातीलाच. पुढच्या वर्षी त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो संपतो, मग १ तारखेला घ्या की ३० ला. महिनाअखेरीस घेणाऱ्याचे तीन-चार आठवडे उगाच जातात.

माझ्या पासवर सह्यांसाठी दोन जागा आहेत. एक माझी, एक बायकोची. गेटवर सही केलेलं कार्ड आणि फोटो आयडी दाखवायचा, की गाडीतले सगळे आत. जिथे माणशी तिकीट असतं तिथे पासधारक आणि आणखी ३ प्रौढ चालतात; १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तसंही तिकीट नसतं. फीनिक्सहून वर जाताना आय-१७ महामार्गाच्या अगदी जवळ माँटेझुमा कॅसल आहे, कड्याच्या कपारीत बांधलेली जुनी वस्ती. तिथे माणशी १० डॉलर. आम्ही चार मोठे, म्हणजे ४० तिथेच वसूल.

पण खरा फायदा पैशांचा नाही. खिशात पास असला की वाटेत थांबायला मन कचरत नाही. एरवी फ्लॅगस्टाफहून थेट कॅन्यन गाठला असता. त्याऐवजी यूएस-८९ महामार्ग सोडून सनसेट क्रेटर आणि वुपाटकीच्या ३५ मैलांच्या वळणरस्त्याला लागलो. दोन्ही ठिकाणं मिळून गाडीचे २५ डॉलर आहेत; ते सुटे भरायचे असते तर "कशाला, पुढे मोठं बघायचंच आहे" असं कुणीतरी नक्की म्हणालं असतं, बहुधा बाबाच. एका बाजूला सुमारे ९०० वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीची काळी राख, आणि थोडं खाली उतरलं की उघड्या माळावर लाल दगडांची, शंभरेक खोल्यांची वुपाटकीची इमारत. तिच्याजवळ जमिनीत एक भोक आहे, त्यातून वारा येतो. जमिनीखालच्या भेगांमधली हवा बाहेरच्या हवेच्या दाबाप्रमाणे कधी बाहेर फुंकली जाते, कधी आत ओढली जाते. बाबा टोपी धरून तिथून हलेनात. नंतर कॅन्यनच्या कठड्यावरही त्यांचं त्या भोकाबद्दलच चाललं होतं.

इथून पुढे केमरॉनवरून पूर्वेच्या, म्हणजे डेझर्ट व्ह्यूच्या गेटने आत जा. टुसायानकडच्या दक्षिण गेटवर गर्दीच्या दिवसांत लांबलचक रांग लागते, आणि पास असला तरी रांग चुकत नाही. डेझर्ट व्ह्यूला वास्तुकार मेरी कोल्टर यांनी १९३२ मध्ये उभारलेला दगडी बुरूज आहे, गाडीचं पेट्रोलही तिथे मिळतं. पार्कमधल्या मुख्य वस्तीत, ग्रँड कॅन्यन व्हिलेजमध्ये, पंप नाही, हे आधीच लक्षात ठेवा. १ मार्च ते ३० नोव्हेंबर हर्मिट रोडवर खासगी गाडी नेता येत नाही, पार्कची बस घ्यायची. आईला ती बस फार आवडली, कारण त्या रस्त्याच्या कडेने मी गाडी चालवणार नव्हतो. आणि स्वेटर न्या, विनोद नाही. साउथ रिम, म्हणजे कॅन्यनचा हा दक्षिण कडा, साधारण ७,००० फुटांवर आहे. फीनिक्समध्ये पंखा लावून निघालेली माणसं मार्चमध्ये तिथे बर्फात उतरतात.

आता जिथे पास चालत नाही ती जागा, कारण आपल्या मंडळींचा बेत बहुतेक वेळा यावरच बिघडतो. हा पास केंद्र सरकारच्या जमिनींचा आहे. अँटेलोप कॅन्यनची अरुंद घळ आणि मॉन्युमेंट व्हॅली नवाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या हद्दीत येतात. तिथे तिकीट वेगळं, आणि अँटेलोपला गाइडशिवाय प्रवेशच नाही. हॉर्सशू बेंडला, म्हणजे नदीच्या नालासारख्या वळणाला, पेज शहराचे पार्किंगचे १० डॉलर द्यावेच लागतात. काचेच्या स्कायवॉकचे फोटो बघून लोक विचारतात, "पासमध्ये येतं ना?" नाही. तो ग्रँड कॅन्यन वेस्ट, वालापाई या मूळ जमातीचा, नॅशनल पार्कच्या बाहेर आणि साउथ रिमपासून गाडीने चारेक तास दूर. व्हेगसहून एका दिवसाची धावती फेरी असेल तर तो ठीक, पण त्याला साउथ रिम समजू नका.

याच पट्ट्यात घड्याळही फिरवतं. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायची पद्धत अ‍ॅरिझोना पाळत नाही, नवाहो हद्द पाळते. केमरॉन ते पेज फोनमधली वेळ मनाला येईल तशी एक तास पुढे-मागे होते. अँटेलोपच्या टूर अ‍ॅरिझोनाच्या वेळेने चालतात, तेव्हा हाताला साधं घड्याळ बांधा.

तक्रारी दोन. कार्ड हरवलं तर बदलून मिळत नाही, नवंच घ्यावं लागतं. आणि कॅम्पिंग, राहणं, वेळेचं आरक्षण यातलं काहीच त्यात नाही, हे घेताना कुणी ठळकपणे सांगत नाही. त्याचा एक तारा कापतो: ५ पैकी ४.

आई-बाबा परत गेल्यावरही कार्ड बसून राहिलं नाही. टूसॉनजवळचं सग्वारो, पेट्रिफाइड फॉरेस्ट अशी इथलीच पार्कं, शनिवार मोकळा मिळाला की निघायचं. नॉर्थ रिम मात्र राहिला: जुलै २०२५ च्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं आणि आमचा बेत बारगळला.

आता घेणाऱ्यांसाठी: १ जानेवारी २०२६ पासून ८० डॉलरचा पास इथल्या रहिवाशांनाच मिळतो, इथला सरकारी फोटो आयडी दाखवून. बाहेरून येणाऱ्यांसाठी तो २५० डॉलरचा झाला आहे, आणि तो नसेल तर ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस धरून ११ पार्कांत त्यांना नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा पडतात. घरचे येणार असतील तर विमानाच्या तिकिटांसोबतच हाही हिशेब मांडा, आणि निघायच्या आठवड्यात पार्कच्या संकेतस्थळावरचा नियम पुन्हा एकदा वाचा.