कोरफडीचे जेल चालेल, रस नको

आमच्या भागातील औषधाच्या दुकानात एकाच कंपनीचे कोरफडीचे जेल आणि कोरफडीचा रस असे दोन्ही मिळतात. उन्हाळ्यात दोन्ही वापरून पाहिल्यावर जेलला मी बऱ्यापैकी गुण देईन. रसाच्या बाबतीत माझे मत प्रतिकूल आहे.

जेलच्या नळीवर ‘९९ टक्के शुद्ध कोरफड’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. पानातला गर मुळातच सुमारे ९९ टक्के पाणी असतो, हे लक्षात घेतले की या दाव्याचे फारसे अप्रूप उरत नाही. खरा ऐवज असतो तो उरलेल्या एखाद्या टक्क्यात. त्यात खनिजे, जीवनसत्त्वे आणि विकरे अल्प प्रमाणात असली, तरी गराचा बुळबुळीतपणा आणि त्वचेवर ओलावा धरून ठेवण्याचा गुण मुख्यतः ॲसिमॅननसारख्या बहुशर्करांमुळे, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांमुळे, येतो. अति उष्णता लागली किंवा प्रक्रिया रेंगाळली तर ॲसिमॅननचे विघटन होते, त्यामुळे त्याचे प्रमाण किती उरले, हे महत्त्वाचे ठरते आणि ते सांगणे कंपनीला अशक्य नाही. पण नळीवर त्याचा उल्लेख नाही. घटकांच्या यादीत कार्बोमर (जेल घट्ट करणारा पदार्थ), परिरक्षक, सुगंध आणि हिरवा रंग मात्र आहेत. ताजा गर रंगहीन असतो आणि वाटीत काढून ठेवला की पातळ होत जातो; नळीतला घट्टपणा कार्बोमरचा आहे.

तरीही उन्हाने रापलेल्या मानेवर हे जेल लावताच थंडावा वाटतो आणि तेलकटपणा राहत नाही. सढळ हाताने लावले, तर सुकल्यावर त्वचेवर मळासारख्या वळ्या निघतात. दाढीनंतर सुगंधामुळे किंचित चुणचुणते. किरकोळ भाजल्यावर कोरफडीने जखम लवकर भरते, असे सुचवणारे काही अभ्यास आहेत, परंतु खोल भाजलेल्या जागी असले सुगंधी जेल लावू नये.

रसाच्या बाटलीवर ‘संपूर्ण पानापासून’ असे अभिमानाने लिहिले आहे आणि नेमकी तीच काळजीची बाब आहे. पानाच्या सालीलगत जो पिवळा, कडू चीक असतो, त्यात ॲलोइन हे तीव्र रेचक असते. हाच चीक आटवून आपल्याकडचा काळा बोळ तयार होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये कोरफडीची रेचके चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली, कारण उत्पादकांनी सुरक्षिततेची माहिती पुरवली नव्हती. पुढे संपूर्ण पानाच्या अर्काने उंदरांच्या मोठ्या आतड्यात गाठी झाल्याचे आढळले आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो अर्क ‘२ब’, म्हणजे संभाव्य कर्करोगकारक, गटात घातला. चीक काढून गाळलेल्या रसाला हे जसेच्या तसे लागू होत नाही. म्हणूनच प्यायच्या रसात ॲलोइन दहा लाखांत १० भागांपेक्षा कमी असावे, असा या उद्योगाचाच दंडक आहे.

या बाटलीवर पचन, वजन, साखर आणि केस अशा सगळ्यांची हमी आहे, ॲलोइनविषयी अक्षरही नाही. कंपनीला विचारले असता ‘उत्पादन पूर्णपणे नैसर्गिक आहे’ एवढेच उत्तर आले. काळा बोळही नैसर्गिकच असतो. रिकाम्या पोटी घेतल्यावर मला मुरडा आला, तेव्हा बाटली बंद केली. गर्भवतींनी आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर असा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

जेल मी पुन्हा घेईन, तेही प्रवासापुरते. घरी कुंडीतले पान कापून, चीक निथळेपर्यंत उभे ठेवून आणि स्वच्छ धुऊन काढलेला गर त्वचेला पुरेसा आहे.