नाशिकच्या गंगापूर रोडवरची थंड प्रदेशातल्या घरांची कार्यशाळा : जावं का? तर हो, जावं

आधी निकाल सांगते मग बाकीचं. तुम्ही बांधकामात असाल, आर्किटेक्चर नाहीतर सिव्हिलला शिकत असाल, किंवा गावाकडचं जुनं मातीचं घर पाडायचं की ठेवायचं यावरून घरात वाद चालू असतील तर ही शनिवार-रविवारची कार्यशाळा करा. पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली लिहिलंय.

विषय होता कडाक्याच्या थंडीतली पारंपरिक घरं, म्हणजे मुख्य लडाख आणि जोडीला थोडं हिमाचल, काश्मीर. आता कुणीही विचारेल की नाशिकला बसून लेहच्या घरांचं काय करायचंय, आपल्याकडे फार तर निफाडला पारा चार-पाचवर येतो आणि द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, तिथं उणे वीस. पण मी साइटवर काम करते म्हणून सांगते, आपल्याकडे घराची दिशा चुकली, भिंत चुकली तरी पंखा-कूलर-गिझर सगळं सांभाळून घेतात आणि बिल भरून आपण विसरतो. लेहला झाडं कमी, सरपण कमी, तिथं घर चुकलं तर माणूस रात्रभर कुडकुडतो. म्हणून तिथल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या जे घासूनपुसून ठरवलंय ते शिकण्यासारखं आहे.

शिकवणारे सर लडाखमध्ये बरीच वर्षं काम करून आलेत आणि मला आवडलं ते हे की त्यांनी शनिवारी सकाळी मातीचं नावच काढलं नाही, फक्त ऊन. लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर, पाऊस वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर, त्यामुळे थंडी भयंकर पण आकाश बहुतेक वेळा स्वच्छ. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी तिथं सूर्य क्षितिजापासून ३२-३३ अंशच वर असतो (नाशिकला तेव्हा ४६-४७), म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीत आतपर्यंत जातं, आणि जूनमध्ये तोच सूर्य ८० अंशांच्या आसपास चढतो तेव्हा छोटासा छज्जासुद्धा ऊन अडवायला पुरतो. म्हणून घराची लांब बाजू दक्षिणेला, मोठ्या खिडक्या तिकडेच, उत्तरेला कोठार वगैरे आणि भिंत जवळजवळ बंद. मग ट्रॉम्ब वॉल शिकवली, म्हणजे दक्षिणेची जाड भिंत बाहेरून काळी करायची, तिच्यापुढे थोडी फट सोडून काच लावायची, दिवसभर भिंत तापते आणि रात्री ती ऊब हळूहळू आत सोडते.

दुपारनंतर जे सांगितलं ते प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरनं ऐकायला पाहिजे. माती ऊब साठवते, अडवत नाही. मातीचं घर म्हणजे आपोआप उबदार घर हा समज इतका पसरलाय की विचारू नका. अडवायचं काम हवेचं, म्हणजे गवत, भुसा, लोकर असल्या गोष्टींत अडकून राहिलेल्या हवेचं. म्हणून लडाखमधल्या नव्या सौर घरांत उत्तरेकडे दोन भिंती घेऊन मधल्या पोकळीत गवत किंवा लाकडाचा भुसा भरतात, छतातही भरतात. जड माती आतून, हलका थर बाहेरून, हा क्रम उलटा झाला तर दिवसभर कमावलेली ऊब बाहेरच जाते. लेहजवळ फे गावात सेकमोल या शिक्षणसंस्थेचा परिसर आहे तो दाखवला, ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या भिंती, हिवाळ्यात दक्षिणेला प्लास्टिकचा पडदा लावून हरितगृह करतात आणि उन्हाळ्यात तो गुंडाळून ठेवतात. तिथल्या इमारतीला २०१६ मध्ये मातीच्या बांधकामासाठीचा आंतरराष्ट्रीय टेरा पुरस्कार मिळालाय.

पण सगळ्यात भारी झालं ते छताच्या वेळी. सर सांगत होते, सफेद्याच्या, म्हणजे पॉप्लर झाडाच्या तुळया, त्यावर विलोच्या काटक्या दाटीवाटीनं, मग गवत, मग माती आणि सगळ्यात वर मरकालक नावाच्या चिकण मातीचा थर, तो पाणी लवकर झिरपू देत नाही. तेवढ्यात मागच्या रांगेतले सिन्नरकडचे एक गवंडी काका उठले आणि म्हणाले, “सर, हे तर आमचं धाबं झालं की!” सरांनी सरळ खडू त्यांच्या हातात दिला. मग काकांनी आपल्याकडचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, फळ्यावर काढून दाखवलं, तुळया कशा टाकतात, काटक्या-पाला कसा अंथरतात, पावसाळ्याआधी वर खारी माती कशी चढवतात आणि उतार किती ठेवतात. अर्धा-पाऊण तास फक्त काका बोलत होते आणि सर वहीत लिहून घेत होते! अशी कार्यशाळा मी तरी आधी पाहिली नव्हती.

मातीचं नुसतं कौतुक केलं नाही हेही चांगलं. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी झाली तेव्हा मातीची घरं कशी वाहून गेली ते फोटोसकट दाखवलं आणि दगडाचं जोतं, छताची बाहेर आलेली कड याला पर्याय नाही हे ठासून सांगितलं. आणि नाशिकमध्ये ट्रॉम्ब वॉल लावू नका हेही, कारण आपल्याकडे मेमध्ये पारा चाळीसवर जातो. इथं न्यायचं ते दिशा, सावली, पश्चिमेची जाड भिंत आणि हवा खेळायला वाट, जुन्या नाशकातल्या वाड्यांत चौक होता तो याचसाठी.

हिमाचलची काठकुणी, म्हणजे लाकूड-दगडाचे एकाआड एक थर रचलेली भिंत, आणि काश्मिरी हमाम, जिथं दगडी फरशीखाली लाकडं जाळून खोली गरम करतात, हे दोन्ही फार घाईत उरकलं. भूकंपाचा भाग पण तसाच, खरं तर हिमालयात बांधायचं तर तो आधी यायला हवा.

रविवारी गिरणारे गावाकडच्या एका शेतावर माती मळली, विटा पाडल्या. काचेचे दोन खोके उन्हात ठेवले होते, एकात काळी मातीची भिंत, दुसरा रिकामा. ऊन उतरल्यावर रिकामा पटकन गार पडला, दुसऱ्याला हात लावला तर चांगला कोमट होता. कॉलेजची पोरं तिथून हलेनात.

आता तो एक स्टार. स्लाइड सगळ्या इंग्रजीत, गवंडी मंडळींना शेजारचा कुणीतरी कानात सांगणार, हे बरोबर नाही, ज्यांच्या हातून घर उभं राहतं त्यांनाच कळत नसेल तर कसं चालेल. खर्चाचा हिशोब अजिबात दिला नाही, चौरस फुटाला काय पडतं हे विचारलं तर “जागेवर अवलंबून” एवढंच उत्तर. आणि शेतावर बायकांसाठी नीट टॉयलेट नव्हतं, हे मी त्यांना लेखी पण कळवलंय.

फी विद्यार्थ्यांना निम्मी आहे, गवंड्यांना फुकट, म्हणून जाताना तुमच्या साइटवरच्या मिस्त्रींना घेऊनच जा. टोपी, पाण्याची बाटली आणि खराब झाले तरी चालतील असे कपडे न्या, आणि छताचा छेद दाखवणारं ड्रॉइंग मागून घ्या, ते मागितल्याशिवाय देत नाहीत.